तिसरी ओळ

दोन परदेशी विद्यापीठांनी लेकीला गणिताच्या एमएस्सीसाठी प्रवेश दिला होता आणि कुठे जायचं, ते आज कळवायचं होतं. काल व्हिडिओ कॉलवर एका नामवंत प्राध्यापकांनी तिची सिद्धता शेवटपर्यंत ऐकली, मान डोलावली आणि "लवकर ये" म्हणाले. आमच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला होता. तरी आज ही बया दुसऱ्या विद्यापीठातल्या, फारसं नाव नसलेल्या बाईंसमोर तीच सिद्धता पुन्हा मांडत होती. मी लॅपटॉपच्या मागे श्वास रोखून उभी होते, नवरा दाराआड चहाचा कप तसाच धरून. खडू फळ्यावर टकटक चालला होता. तिसऱ्या ओळीवर बाई म्हणाल्या, "थांब." खडू थांबला. बाई चष्मा वर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. "ही ओळ वरच्या ओळीतून निघत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. लेकीने मान खाली घातली. कॉल संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी बाईंना होकार कळवते." नवरा कपासकट आत आला. "डोकं फिरलंय का तुझं? कालच्या एवढ्या मोठ्या माणसाने मान डोलावली, आणि ज्यांनी चूक काढली त्यांच्याकडे निघालीस?" लेक खडूने माखलेल्या तळहाताने तिसरी ओळ पुसत होती. "ती चूक मीच घातली होती, बाबा," ती म्हणाली. "कालही तिथेच होती."