दोन सेकंद

“आधी ट्रायल मारून बघ,” राजशेखर साहेब म्हणाले आणि मोबाइलवर तळवा दाबून स्वप्नालीच्या खुर्चीमागं उभे राहिले. “गिऱ्हाईक लाइनवर हाय. शनिवारी संध्याकाळी माल गाडीत पाहिजे म्हणायलंय.”

लातूरच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात दालमिलच्या चाळण्यांना लागणारे पत्र्याचे कोपरे व्हायचे. कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी लावायचं, ते स्वप्नाली कॉम्प्युटरवर बसवायची. ऑर्डर घ्यायच्या आधी ती ट्रायलमध्ये टाकायची. तिथं काम म्हणजे नुसती एक रंगीत पट्टी. फायनल केल्याशिवाय त्याचा कागद खाली शॉपमध्ये जात नसे. ट्रायलमध्ये चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिला हा भाग आवडायचा.

तिनं चोवीस हजार कोपरे टाकले. पट्टी मंगळवारपर्यंत लांबली आणि लाल झाली. ओव्हरटाइम धरला, तर सोमवार. पत्रा दाबून कोपरा करणाऱ्या दोन प्रेसपैकी एक दुरुस्तीला खोलून ठेवलेली होती आणि रात्रपाळीला प्रेसवर माणूस नव्हतं.

“एका नगाला किती धरलंस?” साहेबांनी विचारलं.

“सहा सेकंद.”

“चार करून बघ.”

तिनं सहाचे चार केले. पट्टी आखडली, शनिवारी दुपारवर येऊन थांबली आणि हिरवी झाली.

“होतंय की!” साहेबांनी मोबाइल कानाला लावला. “अप्पा, बाराच्या आत पक्कं सांगतो.” मग जाता जाता तिला म्हणाले, “फायनल करून टाक.”

स्वप्नालीनं माउस धरला आणि सोडला. ते सहा सेकंद तिनं कुठून ऐकलेले नव्हते. गेल्या महिन्यात प्रेससमोर उभं राहून तिनं स्वतः घड्याळ लावून मोजले होते. ती उठली आणि जिना उतरून शॉपमध्ये गेली.

प्रेसवर अयोध्या मावशी होत्या. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तेव्हाच वरचं लोखंड खाली येई. मावशींचं काम बिनबोभाट चाललं होतं.

“मावशी, हे चार सेकंदात होईल का?”

“होतंय की.” मावशींनी पदरानं कपाळ पुसलं. “एक बटण टेप गुंडाळून दाबून टाकायचं. मग एका हातानं चालतंय. आधीच्या कंपनीत तसंच करायचो आम्ही.”

“कधी काही झालं नाही?”

“मला न्हाई झालं.”

स्वप्नालीनं एकदा दोन्ही बटणांकडं बघितलं.

“मला करून दाखवता? मोटर बंद ठेवून?”

“बंद मशीनवर काय बघायचं, ताई?”

“तरी दाखवा.”

मावशींनी मोटर बंद केली, मेन स्विचही पाडला. डावं बटण टेपनं बांधलं. स्वप्नाली मशीनच्या बाजूला, साच्यात नीट दिसेल अशी उभी राहिली. मावशींनी उजव्या हातानं पत्रा सरकवला, त्याच हातानं बटण दाबलं. बटण दाबलं की स्वप्नाली तोंडानं म्हणायची, “खट.”

पत्रा, बटण, खट. पत्रा, बटण, खट. चार सेकंदांच्या आतच होत होतं. मावशींना हसू आलं. पोरींच्या खेळासारखंच होतं ते. डाव्या हाताला काही काम उरलं नव्हतं. आधी तो मांडीवर होता, मग मशीनच्या कडेवर आला. एक पत्रा किंचित तिरका बसला.

“खट,” स्वप्नाली म्हणाली.

मावशींच्या डाव्या हाताची बोटं साच्यात होती. पत्रा सरळ करत होती.

दोघीही त्या बोटांकडं बघत राहिल्या. हात आत कधी गेला, ते मावशींना कळलंच नव्हतं. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला. मग टेपचं टोक शोधून सोडवू लागल्या. ते लवकर सापडेना.

वर येऊन स्वप्नालीनं चाराचे पुन्हा सहा केले. पट्टी लाल झाली. ती तशीच ठेवून तिनं केबिनचं दार लोटलं.

“साहेब, शनिवारी नाही होत.”

“आत्ता तर झालं होतं!”

“बंद प्रेसवर करून बघितलं. नवव्या वेळी मावशींचा हात आत होता.”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. टेबलावर मोबाइल वाजू लागला. त्यांनी तो बराच वेळ वाजू दिला आणि मग उचलला.

“अप्पा, मंगळवारी देतो… न्हाई, त्याच्या आधी न्हाई जमत… हाव… बरं. बघा मग दुसरीकडं.”

फोन ठेवला तरी त्यांचा हात मोबाइलवरच होता. वर्षभर ज्या गिऱ्हाइकासाठी ते उदगीरला खेटे घालत होते, ते गेलं होतं. स्वप्नालीनं जागेवर येऊन ती लाल पट्टी पुसली. खाली कुणाला त्या ऑर्डरचं नावही कळलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी साहेब शॉपमध्ये उतरले. प्रेसपाशी जाऊन उभे राहिले. मावशींनी मशीन थांबवलं.

“कोणता हात होता, मावशी?”

मावशी गोंधळल्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, आणि साहेब एकेक बोट बघत राहिले तेव्हा पालथे करून दाखवले.