काळ्या पडद्यापुढचं बाळ

बासष्ट साली रिहे गावचा हैबत पौडात आला आणि त्यानं पीरमहंमद फोटोवाल्याचे पायच धरले. हातात त्याचा लहानपणचा फोटो होता. काळ्या पडद्यापुढं अधांतरी तरंगणारं वर्षाचं बाळ.

"चाचा, आई परवा गेली. घरात तिचा येकबी फोटू न्हाई. पर ह्यात मला मागनं धरून तीच हुबी व्हती न्हवं? तुमच्या मूळ काचंवर तरी ती असंल!"

पीरमहंमदनं जुनी निगेटिव्हची काच शोधली, उजेडात धरली आणि मान खाली घातली. "तू तरंगताना दिसावास म्हून मीच पात्यानं खरवडली रं तिला."

मग म्हाताऱ्यानं हैबतच्या हातातल्या फोटोतल्या बाळाच्या कमरेवर नख टेकवलं.


हैबत ज्यांना आजवर अंगड्याच्या चुण्या समजत होता, ती आईची बोटं अजून त्याला धरून होती.