लांब दांड्याचा पाना

कुरियरवाल्याने घरापुढच्या खळ्यात उभं राहून हाक मारली आणि गंगा हातातलं काम टाकून बाहेर आली. खोकं हातात घेताच तिला कळलं. लांब, अरुंद आणि जड. भागोजीने मागवलेलं चौथं हत्यार आलं होतं.

पहिला रिंग पान्यांचा संच होता. त्यांची तोंडं ढिली निघाली, म्हणे. मग बॅटरीवर फिरणारं मशीन आलं. त्याच्यात दम नव्हता. तिसऱ्या पान्याचं लोखंडच मऊ होतं. प्रत्येक वेळी भागोजी मागच्या पडवीचं दार आतून लावून घ्यायचा. तासभर ठोकाठोक ऐकू यायची. मग घाम पुसत तो बाहेर यायचा. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा नट खाऱ्या वाऱ्याने गंजून धरलाय, असल्या पान्याने तो सुटायचा नाही, उगाच घेतला, असं सांगायचा. चाक निघाल्याशिवाय नवा टायर बसणार नव्हता, आणि टायर बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर येणार नव्हती. गॅरेजवाल्याचा हात त्याने आपल्या गाडीला कधी लागू दिला नव्हता. नात वेदिका हसायची. आजोबांपेक्षा कुरियरवालाच गाडी जास्त चालवतो, असं ती काल त्याच्या तोंडावर म्हणाली होती.

गंगा मात्र त्या टाकाऊ हत्यारांचे मनोमन आभार मानायची.

दिवाळीपासून भागोजीचा उजवा हात थरथरत होता. आधी बशीत चहा सांडायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. दोन महिन्यांपूर्वी भाट्याच्या पुलाकडे येणाऱ्या उतारावर हँडल असं काही हललं, की मागे बसलेल्या गंगाला चिऱ्याच्या ट्रकचं चाक हातभर अंतरावर दिसलं. घरी आल्यावर भागोजीने रस्त्याला नावं ठेवली. चौतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये त्याने ह्याच हातांनी काढली होती. गंगाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिनेही रस्त्याला नावं ठेवली. तेव्हापासून घरात हाताचा विषय निघाला नव्हता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीला आलेल्या वेदिकाला त्याने पहिल्याच दिवशी शब्द दिला होता. मुंबईला परत जायच्या आधी तुला गाडीवरून पावस गावाला नेईन. वेदिका परवा जाणार होती. मध्ये उद्याचा एकच दिवस उरला होता.

गंगाने खोक्यावरची चिठ्ठी वाचली. दांडा चोवीस इंची. आधीच्या पान्यांचे दांडे बारा इंची होते. ती शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. तरफेचा धडा तिने तीस वर्षं फळ्यावर काढला होता. दांडा दुप्पट, जोर निम्मा. थरथरत्या हातालाही नट सुटेल. संध्याकाळपर्यंत टायर बसेल, आणि उद्या सकाळी नऊ वर्षांची पोर त्या हाताच्या भरवशावर मागच्या सीटवर बसेल.

भागोजी वेदिकाला घेऊन नाक्यावर बर्फाचा गोळा खायला गेला होता. खोकं लपवावं असं गंगाच्या मनात आलं. पण लपवलेलं सापडतं. तिने खिळ्यावरची कानस काढली आणि मागच्या पडवीत गेली. नटाच्या सहाही कडा घासून गोल केल्या, की मग कुठलाच पाना त्याला धरणार नव्हता. उभ्या जन्मात तिने कोणाची वस्तू मुद्दाम बिघडवली नव्हती.

ती चाकापाशी उकिडवी बसली. कानस नटावर टेकवली, आणि थांबली.

जहाजावरची एक सवय भागोजीने घरीही सोडली नव्हती. नट आवळून झाला, की नट आणि त्याखालचं लोखंड ह्यांच्यावरून तो पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायचा. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. ह्याही नटावर ती होती, आणि अखंड होती. नट सुटलाच नाही म्हटल्यावर तशी ती असणारच. पण रेघ जिथे नटाच्या कडेवरून उतरत होती, तिथे रंगाचा टवकाही उडाला नव्हता. नटावर ग्रीस आणि धुळीचा जुना थर होता. त्यावर एक ओरखडा नव्हता.

ह्या नटाला तीन आठवड्यांत एकही पाना लागला नव्हता.

गंगाने मान वळवली. भागोजीच्या स्टुलासमोर जुन्या लोखंडाचा एक तुकडा पडला होता. हातोडीचे घाव बसून बसून तो चकचकीत झाला होता.

"काय करतेस गो?"

भागोजी दारात उभा होता. त्याची नजर आधी कानशीवर गेली, मग नटावर. गंगाने काही लपवलं नाही. पाना आलाय, एवढंच ती म्हणाली.

"लांब दांड्याचा?"

"हो."

त्याचा चेहरा उतरला. उजवा हात त्याने डाव्या हातात घट्ट धरला, तर दोन्ही हात कापायला लागले. पाना आल्याचं ऐकून वेदिका खळ्यातून विचारत होती, मग आता उद्या नक्की ना.

गंगा उठून उभी राहिली.

"तुम्ही गाडी चालवायची नाय," ती म्हणाली. "उद्या नाय, आणि पुढेही नाय. आपण तिघं एसटीने जाऊ."

आता तो आवाज चढवणार, म्हणून तिने गाडीची सीट घट्ट धरून ठेवली. भागोजी सावकाश येऊन स्टुलावर बसला. त्याने मोठा श्वास सोडला.

"तीन आठवडे वाट बघतोय गो मी," तो म्हणाला, "तू कधी नको म्हणतेस त्याची."