बाहेरची बाजू

खोपटाच्या सांध्यांवरून माझं आणि ग्रिगोरेचं दोन दिवस वाजलं. ग्रिगोरे माझा मेहुणा. त्याची बहीण फिरुत्सा, माझी बायको, जाऊन सात महिने झाले.

"दाजी, कोपऱ्याला खाचा पाडा अन् ओंडके एकमेकांत बसवा. एकट्याला जमतं. खुंटीच्या सांध्याला दोघं लागतात."

त्याचं खरं होतं. आमच्या मारामुरेशच्या डोंगराळ मुलखात घराला खिळा मारत नाहीत. एकजण आतून ओकची खुंटी ठोकतो, दुसरा बाहेर उभा राहून तिच्या टोकावर नजर ठेवतो. बाहेरून एक ठोका आला तर अजून मारायचं, दोन आले की थांबायचं. तीस वर्षं बाहेरची बाजू फिरुत्साची होती. हे खोपटही खुंट्यांचंच करायचं, असं तिनेच ठरवलं होतं.

मी खुंट्याच घेतल्या.

"मग बाहेर काय मेंढीला उभं करणार?" आत माझी शिडी धरून ग्रिगोरे म्हणाला.

फळ्या बसल्या होत्या, पलीकडचं दिसत नव्हतं. मी अंदाजाने ठोकत गेलो. बाहेरून दोन ठोके आले. मी थांबलो.

ग्रिगोरे बाहेर जाऊन आला. "कुणी नाही. पण टोक बरोबर अंगठाभर बाहेर आलंय, दाजी."

त्याने आत येऊन पुन्हा शिडी धरली. दुपारपर्यंत बारा खुंट्या बसल्या. प्रत्येकीला दोन ठोके आले.

"झालं गं," मी म्हणालो. हातोडा पेटीत ठेवून झाकण लावलं.

तेव्हा बाहेरून एकच ठोका आला.