जाळी साफ हाय

तापमानाचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला तसं समाधानने बसल्या जागेवरून आईला हाक मारली आणि कॉम्प्युटरची जाळी बघायला सांगितलं.

मार्चची दुपार होती आणि पडद्यावर खेळाचा शेवटचा डाव चालू होता. हा जिंकला की पुण्याच्या टीममध्ये निवड पक्की, वर महिन्याला पगार. तीन वर्षं त्याने याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. कॉम्प्युटरची काच उघडायला उठावं, तर तेवढ्यात सगळं आटोपलं असतं.

फुलाबाई कॉम्प्युटरच्या डब्यापाशी खाली बसल्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण तो आकडा चांगला कळायचा. समाधाननेच शिकवलं होतं. आत ग्राफिक्स कार्ड असतं, खेळाचं चित्र तेच काढतं आणि राबलं की तापतं. पुढच्या जाळीतून गार हवा आत जाते, मागून गरम बाहेर पडते. आकडा नव्वदच्या पुढे गेला की कार्ड हातपाय गाळतं. सणसर गावात हंगामभर साखर कारखान्याची काजळी उडते. ती वाळवणावर बसते तशी जाळीवरही बसते. म्हणून दर रविवारी जाळी काढून धुवायचं काम आईकडे.

आजही सकाळी त्यांनी ती धुतली होती. बसवताना मात्र तिच्यामागे जुन्या गोधडीचं फडकं घातलं होतं. चार पदरी, कोपरे नीट दुमडून.

नवरा गेल्यापासून घरात बोलायला हा एकटाच होता. मागे एकदा त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. निवडलेली पोरं पुण्यात एका बंगल्यात राहतात, एकावर एक पलंग, स्वयंपाकाला बाई. भारी हाय ना, म्हणाला. फुलाबाई हो म्हणाल्या आणि मोरीत जाऊन रडल्या. पुढचं त्यांनी कधी विचारलंच नाही, उत्तराचीच धास्ती होती.

आता त्यांनी जाळीवर तळवा धरला. हवेचा मागमूस नव्हता. बोट घालून फडकं ओढलं असतं तरी भागलं असतं. पोराचा आवाज रडवेला झाला होता.

"साफ हाय," त्या म्हणाल्या.

ब्याण्णव. चौऱ्याण्णव. चित्र अडखळायला लागलं, मग गोठलं. परत हललं तेव्हा समाधानचा खेळाडू आडवा पडला होता. दहा मिनिटांत त्याची बाजू हरली. त्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. कोणाला दोष दिला नाही, कार्डालासुद्धा.

फुलाबाईंनी चहा टाकला. वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. चहा घेऊन त्या आत आल्या, तर समाधान बॅगेत कपडे भरत होता.

"कुठं निघालास?"

"चाकणला. हरलो तर कंपनीत येतो म्हणून मामाला शब्द दिला हुता. खोली बी बघून ठेवलीय त्यानं."

जिंकला असतास तर त्या बंगल्यात गेलाच असतास की, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"तो बंगला दुसऱ्या टीमचा, आई." समाधानने बॅगेची चेन ओढली. "आपल्या टीमची पोरं घरूनच खेळत्यात. तुला सोडून जायला लागू नये, म्हणून तर हीच टीम धरली हुती."