सदर कूलर

कार्यालयातला वॉटर कूलर गोळी लागून वारला. पण तसं काही झालंच नाही, असं धरून चालू.

त्या दिवशी शस्त्रतपासणी प्रयोगशाळेत नचिकेत घैसासची नोकरी कायम व्हायची होती. पॉइंट बावीस बोअरची गोळी चाचणीसाठीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किती खोल शिरते, पॉइंट बत्तीसची किती, हे त्यानं संचालकबाईंना घडाघडा सांगितलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच गोळ्या झाडल्या.

बावीसची भिंतीत गेली, बत्तीसची कूलरमध्ये. ठोकळा अगदी धडधाकट.

"घैसास, ठोकळा ओळखता ना?" बाईंनी ओल्या चपला झटकत विचारलं.

फरशी पुसून झाल्यावर नचिकेतनं अर्ज लिहिला: "सदर कूलर हा जिलेटिनचा ठोकळा समजण्यात यावा व अर्जदारास सेवेत कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती."