दगडापलीकडचा चेंडू

चेंडू हद्दीच्या दगडापलीकडे गेला आणि त्रिंबक दगडाशी येऊन थांबला. चेंडू समोरच बाभळीखाली पडला होता. तो कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला.

"आन की," मागून आप्पाराव म्हणाला.

"तुमीच आना. मारला तुमी."

आप्पाराव कासार हसला आणि चेंडू आणायला गेला. हे रोजचंच होतं.

दगडाच्या अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. माळ तोच, कुसळंही तीच. पण पलीकडे त्रिंबकच्या नावाचं वॉरंट होतं. नगरच्या छावणीत तो गोऱ्या पलटणीचे बूट शिवायचा. एकदा गडी कमी पडला म्हणून फुटबॉलच्या टीममध्ये घुसला तो घुसलाच. पुढे एका सामन्यात त्यानं सार्जंटच्या टीमवर गोल केला. दुसऱ्या दिवशी सार्जंटनं दुकानात येऊन त्याच्या थोबाडीत दिली. त्रिंबकच्या हाताशी बुटाचा लाकडी फर्मा होता. सार्जंटचा डोळा गेला, आणि त्रिंबक रातोरात मोगलाईत आला. इंग्रजी पोलिसांना दगड ओलांडता येत नसे, आणि कागदी घोडे हैदराबादेला जाऊन परत येईपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा.

आष्टीकडच्या या वस्तीवर तो विहिरींच्या मोटा शिवू लागला. पोटाला कमी पडलं नाही. लोकही वाईट नव्हते. पण संध्याकाळ झाली की पाय शिवशिवायचे. चिंध्यांचा गोळा बांधून तो ओसाड जकात नाक्याच्या भिंतीवर मारत बसायचा. भिंत गोळा इमानानं परत द्यायची, पण गोल झाल्यावर पाठीवर थाप काही मारायची नाही. फार एकटं वाटायचं त्याला. नगर दिसेल इतक्या जवळ होतं आणि विलायतेइतकं लांब.

मग पावसाळा सरता सरता आप्पाराव आला. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं, आणि गाठोड्यात चामड्याचा खरा फुटबॉल.

"मीबी नगरचाच," तो म्हणाला. "पोटापायी हिंडतो. पर ह्याच्याबिगर करमत न्हाई."

त्रिंबकनं चेंडू हातात घेतला, फिरवला. एका ठिगळावरून अंगठा फिरवला आणि त्याचे टाके नखानं चाचपले.

"कुठला म्हनायचा?"

"पुन्याचा. घेतला तवाच ठिगळ व्हतं."

"टाका पक्का हाय," त्रिंबक म्हणाला. "चला, खेळू."

त्या दिवसापासून त्रिंबकच्या अंगात वारं शिरलं. दोघंच गडी, दगडांचे गोल, अनवाणी पाय. आप्पाराव मधूनमधून नगरला जाऊन यायचा आणि खबर आणायचा. कोणती पलटण जिंकली, टीममधला जुना गोलकीपर धर्मराज अजून कसा झेपावतो. त्रिंबक ते सगळं पुन्हा पुन्हा विचारायचा. त्या बातम्यांपायी त्याची भाकर ताटात वाळून जायची.

भाकर द्यायची शेजारची साखराबाई. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

"का रं त्रिंबक, त्यो कसला कासार म्हनायचा? सुनेच्या हातात बांगड्या भरताना निम्म्या फोडल्या मुडद्यानं. आन् चालतो कसा, छाती काढून, टाचा आपटत!"

"नवा आसंल धंद्यात, मावशी."

"ह्या वयात नवा?"

त्रिंबकनं मोटेतून दाभण ओढलं. "मला कुठं बांगड्या भरायच्यात? मला पास दितो, बास."

ऊन डोळ्यांवर येतं म्हणून आप्पारावनं गोल सरकवले. मग वारं लागतं म्हणून पुन्हा सरकवले. सरकत सरकत ते हद्दीच्या दगडाला येऊन भिडले. गोलांचे दगड उचलून न्यायला त्रिंबकच असायचा.

एके दिवशी आप्पाराव खाली मान घालून म्हणाला, "आजचा दिस शेवटचा. उद्या चाललो मी. आता येनं व्हायचं न्हाई."

"कावून?"

"धंदा बसला."

"मग हितं मला पास कोन देनार?"

आप्पारावनं चेंडू काखेत मारला आणि माळाची वाट धरली.

त्या संध्याकाळी त्याचा खेळ भलताच चालला होता. प्रत्येक चेंडू तो वस्तीच्या बाजूला मारायचा. एरवी दहातले आठ दगडापलीकडे घालवणारा माणूस आज तिकडे पाय वळवेना. त्रिंबक मात्र खुशीत होता. तो धावला, पडला, उठला, छावणीतल्यासारखा मोठ्यानं हसला. दिवस बाभळींना टेकला तसा त्यानं चेंडू मातीवर नीट ठेवला, चार पावलं मागे गेला आणि स्वतःच्या पायानं दगडापलीकडे मारला.

"राहू दे!" आप्पाराव ओरडला. "मी आनतो! त्रिंबक, थांब!"

त्रिंबक दगडाशी रोजच्यासारखा थांबला. मागे वळून त्यानं एकदा आप्पारावकडे पाहिलं आणि पाऊल पलीकडे टाकलं.

तो चेंडूपाशी पोचला तोच बाभळीमागून दोन खाकी शिपाई उठले आणि त्यांनी त्याचे दंड धरले. त्यानं झटापट केली नाही. एकानं त्याला बेड्या घातल्या, दुसऱ्यानं दगडाकडे तोंड करून कडक सलाम ठोकला.

"जमादारसाहेब, घावला एकदाचा!"

आप्पाराव मोगलाईत उभा होता. त्याला दगड ओलांडवेना.

"मी आज मारलाच न्हाई तिकडं," तो पुटपुटला. "त्रिंबक, मी मारलाच न्हाई."

बेड्यांतले हात तसेच ठेवून त्रिंबकनं चेंडू पायानं अलगद ढकलला. तो गडगडत दगडाशेजारून अलीकडे आला आणि बरोबर आप्पारावच्या पायाशी थांबला.

"घ्या, जमादार. ते ठिगळ माझ्याच हातचं हाय, छावनीतलं," त्रिंबक म्हणाला. "पैल्याच दिवशी वळखलं व्हतं."